खोली बघून सांगतो

आपल्या मराठी मुलखात कशाची समीक्षा होत नाही? नाटकाचा दुसरा अंक सुरू व्हायच्या आत नाट्यगृहाच्या आवारात बटाटेवड्याबरोबर पहिल्या अंकाची समीक्षा होते. कवितासंग्रहाची होते, मैफलीची होते, संमेलनाध्यक्षांच्या भाषणाची तर भाषणाआधीच होते. लग्नात डोक्यावरच्या अक्षता खाली पडायच्या आत मठ्ठ्याची समीक्षा सुरू झालेली असते. पण माणूस प्रवासाला निघाला, की ज्या एका वास्तूत तो आपला ओला टॉवेल, बायकोचे दागिने, औषधाच्या गोळ्या आणि रात्रीची झोप एवढा ऐवज विश्वासाने ठेवतो, त्या वास्तूविषयी मात्र आपल्या समीक्षकांनी धड चार ओळी लिहिलेल्या नाहीत. ‘जागा बरी होती’ आणि ‘ढेकूण होते’ ह्या दोन वाक्यांत आपलं हॉटेलविषयक समीक्षाशास्त्र संपतं. ही उणीव कुणीतरी भरून काढायला हवी. विद्यापीठांना वेळ नाही, म्हणून मी पुढे होतो.

शास्त्र म्हटलं की आधी व्याख्या आली, आणि इथे पहिलीच पंचाईत होते. आपल्या भाषेत हॉटेल म्हणजे जिथे मिसळ मिळते ते. ‘हॉटेलात गेलो होतो’ असं मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो दोन भजी आणि एक चहा घेऊन आलेला असतो. रात्र काढून आलेला नसतो. रात्र काढायची ती लॉजवर. दोन्ही सोयी एकाच छपराखाली असल्या तर पाटीवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असा जोडशब्द येतो. आमच्या शेजारच्या आजींना कुणीतरी सांगितलं, की तुमचा भाचा अमेरिकेहून आलाय आणि हॉटेलात उतरलाय. आजी कळवळून म्हणाल्या, “अगो बाई, म्हणजे रात्रभर बाकावर?” ह्या लेखापुरतं हॉटेल म्हणजे जिथे बाक नसून पलंग असतो ते, एवढं वाचकांनी धरून चालावं.

आपल्या पूर्वजांना ही व्याख्या करायची वेळच आली नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, ऐन बंडात सापडले, झाशीचा वेढा आतून बघितला आणि जीव वाचवून, आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे १९०७ साली छापून आलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये तोफा आहेत, लूट आहे, उपासमार आहे, अटॅच्ड बाथरूमची तक्रार मात्र नाही. तेव्हा माणूस माणसाकडे उतरायचा. नाशिक-त्र्यंबकला गेलं, की तीर्थोपाध्ये वही उघडून तुमच्या खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवीत आणि मगच ओसरीवर वळकटी टाकू देत. खोली कशी आहे हे बघायची सोय नव्हती. तुम्ही कसे आहात, कोणाचे आहात, हे बघूनच जागा मिळायची. हे शेवटचं वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

उतरण्याच्या जागेची पहिली पद्धतशीर समीक्षा केली ती इंग्रज सरकारने, आणि तीही कायद्याच्या रूपात. १८६७ सालचा सराई कायदा मी एकदा कुतूहलाने वाचला. सराई चालवणाऱ्याने खोल्या, ओसऱ्या, गटारं आणि विहिरी साफ ठेवाव्यात. भिंती, दरवाजे, छपरं दुरुस्त ठेवावीत. पहारेकरी नेमावेत. दरपत्रक सर्वांना दिसेल असं लावावं. आणि ज्या झाडांच्या फांद्यांवरून चोराला आत उतरता येईल किंवा बाहेर जाता येईल, त्या काढून टाकाव्यात! मी तर हे वाचून उभाच राहिलो. कायदा करणाऱ्याने चोराच्या येण्याचाच नव्हे, तर जाण्याचाही विचार केला होता. आजच्या कुठल्याही झगझगीत हॉटेलला ही पाच कलमं लावून बघा. विहिरीच्या जागी टाकी म्हणा, फांदीच्या जागी बाथरूमची न लागणारी खिडकी म्हणा. निम्मी हॉटेलं नापास होतील.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. पुस्तकाची निवड मुखपृष्ठावरून करू नये म्हणतात, पण हॉटेलची निवड पाटीवरून बरीचशी करता येते. नावात ‘न्यू’ असेल तर ते जुनं असतं, आणि शेजारी त्याहून जुनं एक असतं, ज्याच्या मालकाशी ह्याचा दावा चालू असतो. ‘इंटरनॅशनल’ असेल तर तालुक्याचं गाव समजावं. ‘पॅलेस’ असेल तर जिना अरुंद असतो. ‘व्ह्यू’ हा शब्द सगळ्यात फसवा. सी-व्ह्यू म्हणजे समुद्र दिसतो हे खरं, पण कुठून दिसतो हे पाटीवर नसतं. कोकणात एका ‘सी-व्ह्यू’च्या मॅनेजरला मी विचारलं, “समुद्र कुठाय हो?” तो म्हणाला, “गच्चीवर चला.” गच्चीवर गेलो. तो म्हणाला, “टाकीवर चढा.” ह्याउलट नुसतं ‘अमुक यांचे घरगुती निवास व भोजन’ असं साध्या रंगात रंगवलेलं दिसलं, की मी बिनधास्त आत शिरतो. ज्याने नावावर खर्च केला नाही त्याने तो गादीवर केला असण्याची शक्यता असते.

पूर्वी पाटी दिसेपर्यंत तरी आशा जिवंत असायची. आता निवड घरी बसून मोबाइलवर करायची असते. मोबाइलवर खोलीचा फोटो असतो. हा फोटो काढणारा माणूस खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या आसनात उभा राहतो हे त्यालाच ठाऊक. पण पाय पसरायला जागा नसलेली खोली त्यात बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी दिसते. पलंगावर टॉवेलचे दोन हंस एकमेकांच्या चोचीला चोच लावून बसलेले असतात. अंग कशाने पुसायचं, हा प्रश्न त्या हंसांकडे बघून विचारवत नाही.

फोटोखाली तारे असतात. ह्या ताऱ्यांचा इतिहास मोठा आहे. मरियाना स्टार्क नावाच्या इंग्रज बाईंनी १८२० च्या सुमारास युरोपच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका लिहिली आणि बघण्यासारख्या गोष्टींपुढे योग्यतेप्रमाणे उद्गारचिन्हं टाकली. पुढे जर्मनीतल्या कार्ल बेडेकरच्या मार्गदर्शिकांनी उद्गारचिन्हाचा तारा केला. मला बाईंची पद्धत अधिक पसंत आहे. विरामचिन्हांनी हॉटेलचं जितकं नेमकं वर्णन होईल तितकं ताऱ्यांनी होत नाही. जिथे पुन्हा जावंसं वाटतं त्याला स्वल्पविराम, जिथून मध्येच उठून यावं लागलं त्याला अर्धविराम, पोहे मागवल्यावर जे येतं त्याला प्रश्नचिन्ह आणि बिलाला उद्गारचिन्ह. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची समिती हॉटेलांना एक ते पाच तारे देते, आणि पाचाच्या वर ‘डीलक्स’ असा एक मुकुटही आहे. पण ही तपासणी हॉटेलने स्वतःहून मागायची असते. आपण ज्या लॉजवर उतरतो त्याने ती मागितलेली नसते. त्याचं आकाश कोरंच असतं.

ही कोरी जागा आता उतारूंचे अभिप्राय भरून काढतात. साहित्यातल्याप्रमाणे इथेही समीक्षकांचे पंथ आहेत. एक आस्वादक. ‘रूम छान, स्टाफ छान, सर्व छान, अवश्य भेट द्या,’ असं लिहून हा पाचपैकी पाच तारे देतो. हा मालकाचा मेहुणा असतो. दुसरा संतप्त. हा जुलैत महाबळेश्वरला जातो आणि ‘सतत पाऊस, धुक्यामुळे काही दिसले नाही, पैसे वाया,’ असं लिहून हॉटेलला एक तारा देतो. हॉटेलवाल्याने सह्याद्री थोडा बाजूला सरकवायला हवा होता, असं त्याचं म्हणणं असतं. तिसरा समीक्षक मात्र खरा. तो तीन तारे देतो आणि लिहितो : ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही. गरम पाणी आठपर्यंत. मागे मंगल कार्यालय आहे.’ ह्यात एक विशेषण नाही, पण आख्खी रात्र आहे. माझा अनुभव असा, की पाच आणि एक तारेवाल्यांना नमस्कार करून पुढे जावं आणि मधल्या तीनवाल्यांचं वाचावं. त्यानंतर हॉटेलला सरळ फोन करावा आणि फक्त एक प्रश्न विचारावा : “खोलीच्या मागच्या बाजूला काय आहे?” उत्तर काय येतं ह्यापेक्षा ते यायला किती वेळ लागतो, इकडे लक्ष द्यावं.

हॉटेलची समीक्षा उतारूच करतो असंही नाही. मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईत वॉटसनच्या हॉटेलात उतरला होता. त्याने पुढे लिहून ठेवलंय, की कावळे गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसत आणि त्याचे कपडे, त्याचे केस, त्याचं एकूण चरित्र ह्यांवर आपसांत चर्चा करीत. एवढा जगप्रसिद्ध लेखक, पण मुंबईच्या कावळ्यांनी त्याला एक तारासुद्धा दिला नाही. त्याच वर्षी ७ जुलैला त्याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. म्हणजे हिंदुस्थानातला सिनेमाचा पहिला खेळ हॉटेलात झाला. हॉटेलात बसून दुसऱ्याचं चाललेलं बघण्याची सवय आपल्याला तेव्हापासून असावी.

तर अशी सगळी पूर्वतयारी करून आपण हॉटेलच्या दारात येतो आणि म्हणतो, “आधी खोली दाखवा. बघून सांगतो.” ‘बघून सांगतो’ हे वाक्य मराठी मध्यमवर्गाचा जन्मसिद्ध हक्क आहे. साडी असो, स्थळ असो, की खोली. मॅनेजर भिंतीवरची किल्ली काढतो, पोऱ्या पुढे निघतो, आणि समीक्षकांचं मंडळ मागून चालू लागतं.

खोलीचं दार उघडलं, की आमच्या घरात फडके-खांडेकर वाद सुरू होतो. मी कलावादी, मी आधी खिडकीकडे जातो. ही जीवनवादी, ती आधी बाथरूमकडे जाते. मी म्हणतो, “डोंगर काय सुंदर दिसतोय!” आतून आवाज येतो, “बादलीला कान नाही.” मी म्हणतो, “वारा छान येतोय.” “कडी लागत नाहीये. विटेचा तुकडा ठेवलाय.” “अगं, पाखरांचा आवाज…” “फ्लशचाय तो.” ह्या वादात साहित्यात काय झालं असेल ते असो, प्रवासात जीवनवादच जिंकतो. डोंगर दिवसातून दोनदा बघायचा असतो.

तिच्याकडून मी जे शिकलो ते इथे सांगतो, कारण ते कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही. नळ सोडून बघावा, आणि सोडून दोन मिनिटं थांबावं. पहिलं पाणी नळातलं असतं, दुसरं टाकीतलं. उशीचा अभ्रा काढून आतली उशी बघावी. अभ्रा मालकाचा स्वभाव सांगतो, उशी चारित्र्य. पंखा एकावर आणि पाचावर लावून बघावा. पुष्कळ पंख्यांना ह्या दोनच गती माहीत असतात. बारा बटणांच्या फळीवरचं कुठलं बटण कशाचं, हे दिवसाउजेडी पाठ करावं. आणि गरम पाणी कधी, हे मॅनेजरला न विचारता पोऱ्याला विचारावं. मॅनेजर म्हणतो, “चोवीस तास.” पोऱ्या म्हणतो, “सोलर आहे. साडेसातच्या आत घ्या.”

मोठ्या हॉटेलांत ही परीक्षा लागत नाही असं कुणी समजू नये. तिथे आता बाथरूमला काचेची भिंत असते. पलंगावरून आतला माणूस आणि आतून पलंग स्वच्छ दिसतो. सबंध देशात पारदर्शक कारभाराची जिथे अजिबात गरज नव्हती, अशा ह्या एकाच जागी तो आलेला आहे. दोघी बहिणी-बहिणी, बापलेक किंवा साठी उलटलेलं जोडपं तिथे उतरलं, की एकाने अंघोळ करायची आणि दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचायचं, असा नियम आपोआप तयार होतो.

खोली पसंत पडली, की वेळेचा घोळ. जुन्या लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असे. पहाटे पाचला आलात, तर उद्या पहाटे पाचपर्यंत खोली तुमची. आता बहुतेक ठिकाणी दुपारी बाराचा काटा असतो. आपल्या गाड्या पहाटे पोचतात आणि हॉटेलचा दिवस दुपारी उजाडतो. पहाटे पाचला पोचणाऱ्याने सात तासांसाठी सबंध दिवसाचं भाडं मोजावं, असा ह्याचा अर्थ. म्हणून निवड करताना ताऱ्यांच्या आधी गाडीची वेळ बघावी, आणि फोनवर ‘सामान ठेवून तोंड धुता येईल का?’ एवढं विचारून घ्यावं. ‘या की!’ असं उत्तर आलं, तर ते हॉटेल हातचं सोडू नये.

खोली घेतल्यावर तिचं काय करायचं, ह्यावरही दोन मतं आहेत. एक पंथ वसुलीवाद्यांचा. भाडं दिलंय ना, मग सगळे दिवे चालू, पंखा आणि एसी दोन्ही चालू, साबणाची वडी एका दिवसात संपवायची किंवा पाकिटासकट घरी न्यायची, आणि फुकटच्या न्याहारीला दुपारचं जेवणही उरकून घ्यायचं. अशा कुटुंबांनी अख्खं उटी टीव्हीसमोर बसून पाहिल्याचं मला ठाऊक आहे. दुसरा पंथ विरक्तांचा : “झोपायपुरतं तर यायचंय, कशाला हवी चांगली खोली?” हे लोक दिवसभर बारा पॉइंट बघून येतात आणि रात्री गादीच्या खड्ड्यात पडून बाराही विसरतात. माझ्या मते खोलीचा खरा उपयोग आहे तो दुपारी दोन ते चार. परक्या गावात, सगळं बघायचं बाकी असताना, पंख्याखाली निवांत पडून राहण्यात जो गुन्हेगारीचा आनंद आहे तो कुठल्याच सूर्यास्तात नाही. आणि गावात चांगलं कुठे खायला मिळतं हे काउंटरवर विचारू नये; पोऱ्याला विचारावं, “तू कुठे जेवतोस?”

पण खोली बघून सांगायला आधी ती कुणी दाखवावी लागते. आपण खोलीची समीक्षा करत असतो तेवढ्यात काउंटरवरचा माणूस आपली समीक्षा आटपून बसलेला असतो. त्याच्या पुढ्यात ते लांबलचक रजिस्टर असतं. नाव, गाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण. मोठमोठ्या तत्त्वज्ञांना जन्मभर न सुटलेले हे प्रश्न आपण बॅग खाली न ठेवता, दोरीला बांधलेल्या पेनाने सोडवतो. येण्याच्या कारणापुढे मी तीस वर्षं ‘खाजगी’ लिहीत आलो. ते वाचून एकही मॅनेजर हसला नाही की एकाने दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्या नावापुढे, माझ्या वयापुढे आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मंगळसूत्रापुढे त्याला तशी गरज वाटली नाही.

हे रजिस्टर सगळ्यांनाच इतकं सोपं जात नाही. १९१७ च्या सुमारास परदेशात शिकून आलेला एक तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. हिंदू हॉटेलात जात सांगितली तर जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत तो गेला, तर ती फक्त पारशांसाठी. अखेर रजिस्टरात पारशी नाव लिहायचं, ह्या अटीवर तिथल्या माणसाने त्याला ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. राहायला दुसरी जागा सबंध बडोद्यात मिळाली नाही. कामाठी बागेत पाच तास बसून त्याने रात्रीची मुंबईची गाडी धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सगळं पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. ह्या हकिगतीत खोली कशी होती ह्याचंही वर्णन आहे : अंधारी, मोडक्यातोडक्या सामानाने भरलेली, एकाकी. तरीही ती सोडताना त्यांना रडू आलं होतं. खोली मिळणं म्हणजे काय, हे ती गोष्ट वाचल्यावर कळतं. ती वाचल्यापासून, बादलीला कान नसल्याची तक्रार मी जरा हळू आवाजात करतो.

आपली घटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही कुठे अडवता येणार नाही ह्याची यादी आहे. दुकानं आहेत, सार्वजनिक उपाहारगृहं आहेत, आणि हॉटेलं आहेत. उपाहारगृह वेगळं आणि हॉटेल वेगळं. आमच्या शेजारच्या आजींच्या बाबतीतही गोंधळ व्हायला नको, इतकी काळजी घेतलेली आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षांना ह्या शब्दाचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी ‘खोली शिल्लक नाही’ ह्या वाक्याचे अनेक अर्थ अजूनही शिल्लक आहेत. त्याच वॉटसनच्या हॉटेलात जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला आणि म्हणून त्यांनी १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडलं, अशी एक गोष्ट सांगतात. काही अभ्यासक ती खरी मानत नाहीत. पण लोकांना ती पटते, कारण काउंटरवरून परत फिरलेल्या प्रत्येकाला आपणही एक ताज बांधावं असं त्या रात्री वाटलेलं असतं. माझ्या पुतणीला वाटलं होतं. ती बँकेत हिशेब तपासणीचं काम करते. कामासाठी एका जिल्ह्याच्या गावी गेली, एसटी बंद पडली, पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. पहिल्या लॉजवर मॅनेजर म्हणाला, “सिंगल लेडीजना देत नाही.” दुसऱ्यावर म्हणाला, “घरचं कुणी येणार आहे का मागून?” तिसऱ्यावर, जिथे भिंतीवर ‘अतिथी देवो भव’ लिहिलेलं होतं, तिथे मॅनेजरने तिच्याकडे न बघताच मान हलवली. कोट्यवधी रुपयांच्या हिशेबावर सही करणारी चौतीस वर्षांची बाई एका रात्रीच्या भाड्याला अविश्वासू ठरली.

चौथी जागा म्हणजे एका खानावळीवरचं चार खोल्यांचं लॉज. रंग उडालेला. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, “जेवलात का ताई? भाकरी आहे, पिठलं टाकायला सांगतो.” मग आपल्या बिऱ्हाडासमोरची खोली तिला दिली आणि बायकोला सांगितलं, “ह्या बाई एकट्या आहेत. रात्री काही लागलं तर बघ.” एवढंच. पुतणीने घरी आल्यावर जो अभिप्राय सांगितला तो असा : “खोलीला ओल होती, पंखा करकरत होता, नळ रात्रभर गळत होता. काका, पाचपैकी पाच.”

मराठीत हॉटेलवर ह्यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. तीर्थोपाध्यायाच्या ओसरीवर तुम्ही कोणाचे हे कळल्यावर जागा मिळायची. हॉटेल नावाची वस्तू जगात आली ती मुळात, तुम्ही कोणाचेही असा, भाडं द्या आणि झोपा, असं सांगण्यासाठी. लिफ्ट, टॉवेलचे हंस, काचेचं बाथरूम हे सगळं नंतरचं. अनोळखी माणसाला रात्री दार उघडणं हा ह्या धंद्याचा आशय आहे, बाकीची शैली. आशयच नसेल तर शैलीवर किती लिहायचं?

म्हणून मी आता ‘खोली बघून सांगतो’ म्हणताना खोलीआधी आणखी एक गोष्ट बघून घेतो. सगळ्या हॉटेलात असा एक माणूस असतो ज्याला तिथे खोली नसते. आपल्याला पाण्याचा तांब्या आणून देणारा पोऱ्या रात्री कुठे झोपतो, हे पहाटेच्या गाडीला निघताना दिसतं. कधी जिन्याखाली, कधी काउंटरमागच्या बाकावर, आपल्याच वहाणा डोक्याखाली घेऊन. एखाद्या ठिकाणी त्याच्या अंगावर धडसं पांघरूण आणि डोक्याखाली उशी दिसते. तिथे मी पुन्हा जातो. नळ गळत असला तरी.

ही म्हणते, निदान त्या बादलीला कान तरी लावून घ्यायला सांगा.